अकारविल्हे आवतण

चहा येईपर्यंत सांगतो, पण एक अट आहे. मध्येच हसायचं नाही. या प्रकरणात एका मुलीचं लग्न मोडायची वेळ आली होती आणि ती माझ्यामुळे आली होती, हे लक्षात असू द्या.

तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा पनवेलमध्ये माझा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास होता. वझे सरांचा क्लास. दोन हजार आठ-नऊचा काळ. आजूबाजूच्या गावांत जमिनींना भाव आला होता, करंजाड्याला इमारती उठत होत्या, आणि काल भातशेती करणारा माणूस आज बिल्डरच्या ऑफिसात मीटिंगला बसत होता. मीटिंग म्हटली की इंग्रजी आलं, आणि इंग्रजी आलं की मी आलो!

माझा सगळ्यात लाडका विद्यार्थी कोण होता सांगू? नामदेवशेठ पाटील, कोन गावचे. वय पंचावन्न, गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट. दोन वर्षं माणसाने एक तास चुकवला नाही. पण अनेकवचनाशी त्यांचं हाडवैर.

"दे वॉश देअर हँड," असं ते म्हणायचे.

"शेठ, हँड्स! माणसं अनेक, तर हातही अनेक."

"पन सर, मराठीत आपन बोलतो ना, सगल्यांनी हात धुवा? सगले मिलून येकच हात धुतात का?"

"मराठीत चालतं. इंग्रजीत दे आले की मागे देअर येतं, आणि देअरच्या मागे वस्तूही अनेक. देअर हँड्स, देअर हेड्स, देअर वाइव्ह्ज."

यावर शेठ गंभीर झाले. "ह्यो शेवटचा बरोबर हाय सर. आमी तिघं भाव हाव. अवर वाइफ लिवला तर घरात मारामारी व्हईल."

अख्खा वर्ग हसला, मी मात्र हसलो नाही. व्याकरणाच्या बाबतीत मी तेव्हा फार कडक होतो. हॉटेलच्या मेनूकार्डावर चूक दिसली तर खिशातून पेन काढून दुरुस्त करून मगच इडली मागवायचो. आमची ही म्हणायची, "एक दिवस हे पेन तुम्हाला मार खायला लावणार." बायकांना कसं कळतं कोण जाणे!

तर शेठच्या मुलीचं, सुनीताचं लग्न ठरलं. तीही माझ्याच क्लासची. शेठनी ठरवलं की लग्नपत्रिका इंग्रजीत छापायची. आणि मजकूर कोणी लिहिला? शेठनी स्वतः. मला न दाखवता! मला म्हणे आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. कसला बसला म्हणून सांगू!

एका सकाळी वर्ग सुटल्यावर शेठ कार्डांचे दोन गठ्ठे घेऊन आले. एकूण पावणेदोनशे कार्डं, प्रत्येक आपल्या पाकिटात, पाकिटावर सुनीताच्या सुंदर अक्षरात नाव. त्यांनी एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी वाचू लागलो. सोनेरी अक्षरं, गणपती, मोर, सगळं जागच्या जागी. आणि खाली ती ओळ! 'ऑल द एल्डर्स विल पुट देअर हँड ऑन देअर हेड.'

सगळे वडीलधारे. हात एक. डोकं एक.

पण खरा हादरा त्याच्याही खाली होता. अगदी तळाला बारीक अक्षरात छापलं होतं, 'इंग्लिश बाय: वझे सर, पनवेल.'

"कसा हाय?" शेठनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते हो! "गुरुदक्षिना म्हनून तुमचा नाव टाकलाय."

आता त्या माणसाला काय बोलणार? तेवढ्यात शेठ म्हणाले, "गठ्ठे इथंच ठेवतो. मना मांडववाल्याकडं जायचंय. दुपारी ड्रायवर शंकर येल, त्याच्याकडं द्या. तो नवीन हाय, जालन्याकडचा, त्याला आमची मानसं ठावं नाय, म्हनून गठ्ठे येगले केलेत. लाल दोरा चूलबंद, पांढरा दोरा घरटी येक. येवडा ध्यानात ठेवा."

"हो हो," मी म्हणालो. माझे डोळे 'देअर हँड'वर खिळलेले होते.

आता हे तुमच्यातल्या फ्लॅटवाल्यांना सांगायला हवं. आमच्याकडे गावात आवतण दोन तऱ्हांचं असतं. घरटी एक म्हणजे घरातून एका माणसाने यायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं. ओळखीपाळखीच्यांना ते. आणि चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही. म्हातारीकोतारी, लेकीसुना, पाव्हणेरावळे, सगळ्यांनी यायचं. चूलबंद मिळालं की तुम्ही जवळचे. सख्ख्या नात्यात घरटी एक दिलं तर तो अपमान, आणि असा अपमान तीन पिढ्या विसरत नाहीत.

हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं! पण माझ्या नावाखाली, खरं तर माझ्या नावाच्या वर, दीडशे वडीलधाऱ्यांना मिळून एकच हात होता. दुसरं काही सुचेल का माणसाला?

शेठचं पाऊल जिन्यावरून उतरलं आणि मी दार लावून घेतलं. दोन्ही दोरे सोडले, काळं जेल पेन काढलं आणि बसलो. हँडला एक एस, हेडला एक एस. एका कार्डाला दोन, म्हणजे साडेतीनशे एस काढले मी त्या दिवशी! शाई ओली राहायची, म्हणून कार्डं वर्गभर बाकांवर वाळत घातली. प्रत्येक कार्डाखाली त्याचं पाकीट. वाळवणाच्या पापडांसारखा वर्ग भरून गेला होता.

दोन वाजता काम संपलं. कार्डं पुन्हा पाकिटांत घातली. आता गठ्ठे बांधायचे. आणि इथे, मंडळी, माझ्यातला शिक्षक जागा झाला. नावं अशी कशीही लावायची? माणसाला शोधायला किती त्रास! मी सगळी पाकिटं आडनावाप्रमाणे अकारविल्हे लावली. छान जमलं. मग बरोबर मधोमध तोडून दोन सारखे गठ्ठे केले. अ ते न एक, प ते ह दुसरा. पहिल्याला लाल दोरा बांधला, दुसऱ्याला पांढरा.

इतकं समाधान वाटलं मला, की मी स्वतःसाठी एक कटिंग चहा मागवला.

शंकर आला. पोरगा साधा, नुकताच नोकरीला लागलेला. मी त्याला समोर बसवलं आणि अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "लाल दोरा चूलबंद, पांढरा दोरा घरटी एक. दारात उभं राहून कार्ड द्यायचं आणि तोंडाने स्पष्ट सांगायचं. म्हण बघू." त्याने म्हटलं. मी तीनदा म्हणून घेतलं, शिवाय लाल कुठला आणि पांढरा कुठला हेही दाखवून घेतलं. चुकायला नको ना!

हळदीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी कोनला पोहोचलो. मांडव इतका मोठा की त्यात क्रिकेटची मॅच झाली असती. वाजंत्री तयार होती. पण काहीतरी विचित्र वाटत होतं. एका बाजूला खुर्च्यांवर पुरुष बसले होते, सुटे सुटे, गप्प गप्प. सगळे पाटील, म्हात्रे, भोईर, भगत. एकेका घरचा एकेक. बाई म्हणून औषधाला नव्हती.

आता हळद म्हणजे काय हो? आगरी घरची हळद बायकांची. त्यांनी गाणी म्हणायची, त्यांनी हळद लावायची, त्यांनी नवरीला चिडवायचं. इथे नवरी पाटावर बसलेली, आणि समोर मिशीवाले साठ काका! एका काकांना कोणीतरी म्हणालं, "तुमीच म्हना येखादा गाना." ते उठून बाहेर तंबाखू थुंकायला गेले, ते परत आलेच नाहीत.

आणि दुसऱ्या बाजूला? गाड्या येत होत्या. एकामागून एक गाडी! अग्रवाल आले, सोळा माणसं. अय्यर आले, त्यांचे आईवडील, बायकोचे आईवडील आणि चेन्नईहून डॉक्टरला डोळे दाखवायला आलेली मावशी. गुप्ता, जैन, जोशी, दवे, देशपांडे, सगळे साग्रसंगीत. शेठच्या धंद्यातली माणसं. अग्रवाल तर माझा हात धरून भारावून सांगत होते, "सर, ड्रायव्हर बोला आज घर में चूल्हा नहीं जलेगा. इतना प्रेम! हमने तो नाश्ता भी नहीं किया."

आणि मांडवामागे काय शिजत होतं? मटण! हळदीला मटण आणि तांदळाची भाकरी. टोपाभोवती दीडशे शाकाहारी माणसं उपाशी उभी, आणि ज्यांच्यासाठी ते मटण शिजलं ती माणसं आपापल्या घरी भात लावून बसलेली.

शेठ माझ्याजवळ आले. माणूस पांढराफटक पडला होता. "सर, हा काय झाला? आमची मानसं कुठं हायत? बायका कुठं हायत?"

मला खरंच कळलं नव्हतं हो! शपथेवर सांगतो. मी म्हणालो, "ट्रॅफिक असेल."

तेवढ्यात एक रिक्षा आली आणि तिच्यातून सुनीताची आजी उतरली. शेठच्या बायकोची आई, मोऱ्याची. उरणजवळचं मोरा बंदर, तिथली. ऐंशीची म्हातारी, एकटी, हातात एक पिशवी. तिने मांडवावर नजर टाकली आणि शेठना म्हणाली, "जावय, घरटी येक बोलवलास ना? ही घे, येक आयली. माजा हरी नाय येनार."

वाजंत्रीवाल्याने ओठाला लावलेली सनई खाली घेतली.

हरी म्हणजे हरिश्चंद्र पाटील, सुनीताचा सख्खा मामा. आणि लग्नात मामा म्हणजे काय ते मी सांगायला हवं का? मुलीला मांडवात घेऊन येतो तो मामा. तिला नेसायची पिवळी साडी आणतो तो मामा. मामा नाही, तर दुसऱ्या दिवशी बाराच्या मुहूर्ताला मुलगी मांडवात कोणाचा हात धरून येणार?

"आई, मी सोता येऊन बोललो ना हरीला, सगल्यांनी या म्हनून!" शेठ जवळजवळ रडत होते.

"तोंडावर तसा बोललास. मागून मानूस पाठवलास नि धक्क्यावर चारचौघांत बोलवलास, घरटी येक. हरी जाली विनत होता, तसाच उठला नि घरात गेला. दोन दिस जेवला नाय."

सुनीता पाटावरून उठली आणि आत गेली. तिच्या आईच्या रडण्याचा आवाज बाहेर ऐकू आला. मांडवात जो तो डोक्याला हात लावून बसला. आणि शेठ कडाडले, "शंकर! कुठं हाय तो शंकर?"

शंकरला पुढे ओढलं. कुणी म्हणालं पोरगा दारू पितो, कुणी म्हणालं वैऱ्याने फितवला. शेठ म्हणाले, "गाडीची चावी ठेव नि चालता हो!"

शंकर रडत म्हणाला, "शेठ, मी एक शबूद बदलला नाही. लाल चूलबंद, पांढरा घरटी एक. वझे सरांनी तीनदा पाठ करून घेतलं. विचारा त्यांना."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. आणि मी समोर बघितलं. एका बाजूला पाटील, फुलोरे, भगत, भोईर, म्हात्रे. दुसऱ्या बाजूला अग्रवाल, अय्यर, कुलकर्णी, गुप्ता, जैन.

प, फ, भ, म. अ, क, ग, ज.

अरे देवा! हा माझा गठ्ठा होता! माणसं माझ्यासमोर अकारविल्हे बसली होती!

खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं, गप्प बसावं. पोरगा परगावचा, नोकरी दुसरी मिळेल त्याला. पण त्याने डोळे पुसले आणि चावी काढायला खिशात हात घातला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

"शेठ, त्याला ठेवा. मला काढा," मी म्हणालो. "गठ्ठे मी सोडले. आणि पुन्हा बांधले ते आडनावांच्या क्रमाने."

"कशाला सोडले?"

"हँडला एस लावायला."

शेठ माझ्या अगदी समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बसते एक कानाखाली. बसली असती तर बरं झालं असतं. पण ते नुसतं म्हणाले, "सर, येक हात कमी असता तरी चालला असता हो."

काळजात घुसलं ते. मी कधी विसरणार नाही.

हरीमामांचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आणि शंकर जीप घेऊन मोऱ्याला निघालो.

हरीमामा धक्क्यावरच भेटले. सहा फुटांचा माणूस, खांद्यावर जाळं. मी आधी वाकून नमस्कार केला, मग सगळं सांगितलं. हात, डोकी, एस, शाई, बाकं, अकारविल्हे. ते ऐकत होते, चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. भोवती आठदहा माणसं गोळा झाली.

"म्हंजे," ते शेवटी म्हणाले, "माजा आडनाव पाटील, म्हनून मी घरटी येक?"

"हो."

"नि मी आंग्रे असतो तर?"

"तर चूलबंद, मामा. अगदी वरच्यांत!"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मामा हसले नाहीत. "मना धक्क्यावर चारचौघांत बोलले. ह्या गावात माजी तेवीस घरांची भावकी. सगल्यांना घरटी येक. माजा तोंड कुठं दाखवू मी?"

"मी काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते करतो. पण सुनीता कालपासून जेवलेली नाही."

हे ऐकल्यावर मात्र त्या माणसाचा चेहरा बदलला. त्यांनी जाळं खाली टाकलं. "पोरीवर राग नाय माजा. पन ज्या दारात घरटी येक बोलला गेला, त्या दारात चूलबंद बोलला गेला पायजे. नि तुमी बोलायचा. मोठ्यानं. तेवीसच्या तेवीस दारांत."

आणि मी बोललो, मंडळी! एम.ए. इंग्रजी, वीस वर्षांचा अनुभव, सकाळी आठला मोऱ्याच्या गल्लीगल्लीत हात जोडून ओरडत फिरत होतो, "चूलबंद हाय! चूलबंद हाय! सगल्यांनी या!" मागे गावातल्या बायकांची मिरवणूक. एका आजींनी मला दारातच थांबवलं आणि म्हणाल्या, "ऐकू नाय आयला, परत बोल." त्यांना चांगलं ऐकू येत होतं! तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून.

परत येताना शंकर जीप चालवता चालवता पहिल्यांदा हसला. मागे दोन टेम्पो भरून मामांची भावकी, बायका गाणी म्हणत होत्या. कोनच्या बाकीच्या घरांत शेठ आणि त्यांचे भाऊ रात्रीपासूनच फिरले होते. पावणेअकराला मांडव खच्चून भरला. राहिलेली हळद बायकांनी एका तासात उरकली, गाण्यांसकट. आणि बाराला हरीमामा पिवळ्या साडीतल्या सुनीताचा हात धरून मांडवात आले. माझ्यापाशी येऊन ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "थँक यू, सर." कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही. मी रुमाल शोधत होतो.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या. शेठ स्वतः वाढत माझ्यापर्यंत आले. माझ्या शेजारचं रिकामं पान बघून म्हणाले, "मॅडम कुठं हायत?"

आता मला दोन दिवस मनात साचलेलं बोलायला जागा मिळाली. मी जरा फुगूनच म्हणालो, "शेठ, आम्हाला घरटी एकच होतं ना. शंकर घरी येऊन सांगून गेला हिला. तिने नवी साडी घेतली होती. पण ठीक आहे, शिक्षकाला कोण जवळचं मानतं?"

शेठनी हातातली वरणाची बादलीच खाली ठेवली.

"सर! लाल दोऱ्यात पैला कारड तुमचा होता. सगल्यांच्या वर. मी सोता ठेवला होता!"

वझे. व. प ते ह.

घास हातातच राहिला. ते पाकीट मी स्वतः माझ्या या हाताने उचललं होतं, स्वतःचं नाव वाचून खूशही झालो होतो, आणि भगत, म्हात्रे यांच्या पाठोपाठ नीट खालच्या ढिगात सरकवलं होतं! आणि वर दोन दिवस घरी बसून नामदेवशेठचा उद्धार करत होतो. कृतघ्न माणूस म्हणालो. पैशाची मस्ती म्हणालो. आणखी बरंच काही म्हणालो, ते इथे सांगण्यासारखं नाही.

उष्ट्या हातानेच घरी फोन लावला. "अगं, पटकन रिक्षा करून ये! आपल्याला चूलबंद होतं!"

"मग घरटी एक कोणी केलं?"

मी पानातल्या भाताकडे बघितलं.

"कोणी केलं, अहो?"

"मी."

मग ही अगदी शांतपणे म्हणाली, "दोन दिवस शेठना नावं ठेवत होतात ना? ती सगळी आता स्वतःला ठेवा. आणि हो, अकारविल्हे ठेवा."